इंग्रजी धावते, मराठी चालते

सावली तालुक्यातल्या एका शाळेत मी 31 वर्षे इंग्रजी शिकवले. एका सराव परीक्षेत वडिलांविषयी पाच वाक्ये लिहायची होती. एका मुलाचे पहिलेच वाक्य होते, 'माय फादर वॉक्स अ राइस मिल.' मी 'वॉक्स'भोवती लाल गोल काढला, वर 'रन्स' लिहिले आणि अर्धा गुण कापला. पेपर वाटले त्या दिवशी तो मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, बाबा गिरनी चालवते ना, पळवते थोडीच?" वर्ग हसला. मीही हसलो आणि म्हणालो, "इंग्रजीत तसंच म्हणतात." शिक्षकाकडे उत्तर नसले की तो हेच म्हणतो.

मुलाचे वाक्य चुकीचे होते, त्याचा प्रश्न मात्र बरोबर होता. एकच गिरणी इंग्रजीत धावते आणि मराठीत चालते, ती का? निवृत्तीनंतर हाताशी वेळ आला तेव्हा मी या प्रश्नाच्या मागे लागलो. सुरुवात इंग्रजी 'रन'पासून केली आणि पोहोचलो आपल्या 'चालणे'पाशी. त्या शोधात कोशांविषयी एक तक्रार मनात तयार झाली. ती तक्रार हा या लेखाचा विषय आहे.

'रन'चा पसारा

ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या 1989च्या आवृत्तीपर्यंत सर्वांत लांब नोंदीचा मान 'सेट' या क्रियापदाकडे होता. त्याचे सुमारे 430 अर्थ तिथे नोंदले होते. तिसऱ्या आवृत्तीचे काम 'आर' या अक्षरापर्यंत आले तेव्हा 'रन'ने त्याला मागे टाकले. क्रियापद म्हणून 'रन'चे 645 अर्थ भरले. पीटर गिलिव्हर या कोशकाराने या एका शब्दावर सुमारे नऊ महिने काम केले, ही बातमी 2011 साली जगभर छापून आली. 'सेट' मागे पडून 'रन' पुढे का आला, याचे एक कारण तेव्हा दिले गेले ते यंत्रयुगाचे. वाफेचे इंजिन, घड्याळ, कारखाना, मोटार आणि पुढे संगणकाचा प्रोग्रॅम, इंग्रजीत हे सगळे 'धावू' लागले.

मराठीत हे 645 अर्थ एका क्रियापदाच्या अंगणात मावत नाहीत. नदी वाहते, नाक गळते, कपड्याचा रंग जातो, रस्ता मूलवरून गडचिरोलीकडे जातो, तेल संपते. अमेरिकेतला उमेदवार निवडणुकीत धावतो, आपला 'उभा राहतो', आणि उभा राहूनही 'पडतो'. (ब्रिटिश उमेदवारही उभाच राहतो, म्हणजे हा भेद निव्वळ पूर्व-पश्चिमेचा नव्हे.) पण यंत्र आणि व्यवहार यांच्यापाशी आलो की मराठीने एकाच शब्दाला बहुतेक सगळे काम दिलेले दिसते. गिरणी चालते, घड्याळ चालते, दुकान चालते, शाळा चालते, खटला चालतो, संसार चालतो. आमच्या भागात राइस मिल आली, पंप आला, ट्रॅक्टर आला, आणि प्रत्येक नवे यंत्र बैलाच्या आणि नांगराच्या शब्दात येऊन बसले. नांगर आधीपासून चालतच होता.

'धावणे' मराठीत नाही असे नव्हे. वर्तमानपत्रांत 'गाड्या उशिराने धावत आहेत' असे छापून येते. पण मूलच्या स्टेशनवर गोंदिया-बल्लारपूर गाडीची वाट पाहणारा माणूस खिडकीवर विचारतो, "गाडी चालू हाय का आज?" धावणारी गाडी बातमीतली, चालणारी गाडी फलाटावरची.

सावलीतले 'चालणे'

संस्कृतातल्या 'चल्' या धातूपासून मराठीत दोन क्रियापदे आली. 'चलति'पासून 'चळणे' आणि 'चल्यति'पासून, प्राकृतातल्या 'चल्लइ'च्या वाटेने, 'चालणे'. एकाच घरातल्या या दोन भावंडांचे स्वभाव मात्र उलटे आहेत. जो चळला तो वाटेवरून ढळला. जो चालला तो वाटेने गेला. 'चालणे'त नुसते हलणे नाही, रीतीने पुढे जाणे आहे. इथून पुढचे सगळे या एका छटेतून निघते.

आमच्याकडे झाडीबोलीत 'ण' नाही, त्याच्या जागी 'न' येतो. पुण्याकडचा माणूस सोबत्याला 'चल' म्हणतो, तर विदर्भातला 'चाल' म्हणतो. पण शब्दाची व्याप्ती सगळीकडे सारखीच. 1936 साली गांधी सेवा संघाचे अधिवेशन सावलीला भरले होते आणि गांधीजी त्यासाठी इथे आले होते. खादीच्या कामामुळे हे गाव तेव्हा ओळखले जाई. त्या पिढीच्या तोंडी 'चरखा चालवणे' होते. चरखा वास्तविक फिरतो, पण फिरवणे वेगळे आणि चालवणे वेगळे. मूल चरखा फिरवते, सूत निघावे म्हणून बसलेला माणूस तो चालवतो.

दिवाळीनंतर मंडया सुरू झाल्या की झाडीपट्टीची नाटके सुरू होतात. वडशाच्या मंडळ्या गावोगाव जातात आणि नाटक रात्रभर चालते. सकाळी चहाच्या टपरीवर कोणी म्हणतो, "नाटक चाललं." म्हणजे ते पहाटेपर्यंत टिकले, आणि लोकांना आवडलेही. त्यातल्या पदाला 'चाल' असते. 'चाल' या नामाकडे नीट पाहिले तर थक्क व्हायला होते. बैलाची चाल, गाण्याची चाल, बुद्धिबळातली चाल, शत्रूवर केलेली चाल, आणि रूढी या अर्थाची चाल. एकोणिसाव्या शतकातले मराठी गद्य 'सतीची चाल', 'हुंड्याची चाल' असेच लिहीत असे. पावलाने पडते तीही चाल, आणि पिढ्यान्‌पिढ्या पडत आलेली तीही चाल.

व्याकरणातही हे क्रियापद थोडे वेगळे वागते. उंबऱ्याच्या आत उभा असलेला माणूस म्हणतो, "मी चाललो." रूप भूतकाळाचे, पण माणूस अजून घरात आहे. 'होत चालणे' या जोडणीत ते दुसरेच काम करते. 'दिवस लहान होत चालले', 'गुडघे दुखत चालले', 'जंगल विरळ होत चालले'. शेवटच्या वाक्यात जंगल आपणहून विरळ होत आहे असे वाटते. कुऱ्हाड कोणाची, खाण कोणाची, हे वाक्यात येतच नाही.

आणि 'काम चालू, रस्ता बंद' ही पाटी तर महाराष्ट्रभर दिसते. काम चालते आहे म्हणून माणसाने चालायचे नाही. गोसीखुर्द प्रकल्पाचे भूमिपूजन 1988 साली झाले. त्याच्या उजव्या कालव्याचे पाणी आमच्या तालुक्यातल्या आसोलामेंढा तलावाशी जोडायचे ही योजना. नहराच्या कामाविषयी विचारले की उत्तर ठरलेले असे : "काम चालू आहे." या वाक्यात खोटे काही नाही. फक्त काम कोण करत आहे आणि कधी संपवणार आहे, हे दोन प्रश्न त्यात मावत नाहीत.

कोशांची रीत

आता तक्रारीकडे येतो. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831 साली निघाला आणि त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती 1857 साली. दाते-कर्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' 1932 ते 1938 या काळात सात विभागांत प्रसिद्ध झाला. या दोन्ही ग्रंथांचे ऋण न मानता मराठी शब्दांवर कोणी काही लिहू शकत नाही. मीही नाही. तरीही मोठ्या क्रियापदापुढे कोशांची रीत अपुरी पडते असे मला वाटते.

ती रीत अशी. आधी शरीराच्या गतीचा अर्थ, मग त्याचे लक्षणेने झालेले विस्तार, प्रत्येकाला एक आकडा. पाय चालतो तो पहिला, यंत्र चालते तो त्यानंतरचा, नाणे चालते तो आणखी पुढचा, आणि 'पसंत असणे, मान्य असणे' हा कुठेतरी मागे. शब्दाचा इतिहास कळायला ही मांडणी ठीक आहे. पण आज एखाद्या घरात दिवसभर 'चालणे' किती वेळा आणि कशासाठी बोलले जाते ते कान देऊन ऐका. पायाने चालण्यासाठी फार थोड्या वेळा. "चालेल", "चालतंय", "असं नाही चालणार", "काय चाललंय?" हीच मोठी वर्दळ. कोल्हापूरकडचे 'चालतंय की' एका दूरचित्रवाणी मालिकेने 2016-17च्या सुमारास घराघरात नेले. आमच्याकडे त्याच जागी 'जमते ना' म्हणतात, पण 'चालते'ही म्हणतातच. नोंदीतला मागचा अर्थ बोलण्यात पहिल्या रांगेत बसला आहे.

दुसरी उणीव मला जास्त महत्त्वाची वाटते. 'मान्य असणे' असा अर्थ दिला की कोश थांबतो. कोणाला मान्य, हे तो विचारत नाही. वास्तविक मराठीने याची सोय विभक्तीत करून ठेवली आहे. 'चालणे'चे अर्थ आकड्यांऐवजी शेजारच्या नामाच्या प्रत्ययावरून लावून पाहा.

'मला चालते.' इथे 'ला' आहे. माणूस समोर आहे, पसंती त्याची आहे, उद्या तो ती बदलू शकतो. 

'त्याचे काही चालत नाही.' इथे 'चे' आहे. हा सत्तेचा अर्थ. घरात सुनेचे चालत नाही, ग्रामसभेत गरिबाचे चालत नाही. 'चे' लागले की प्रश्न पसंतीचा राहत नाही, वजनाचा होतो.

'ही नोट चालत नाही.' इथे माणूसच नाही, वस्तू आहे. 8 नोव्हेंबर 2016च्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा चालेनाशा झाल्या. नोटेत काही बिघडले नव्हते. कागद तोच, शाई तीच. निर्णय दिल्लीत झाला होता, पण बाजारातले वाक्य नोटेविषयी होते. 'चलन' हा शब्द त्याच धातूचा, हे त्या आठवड्यात पुरेपूर कळले.

आणि चौथा प्रकार : 'आमच्यात चालत नाही.' इथे 'त' आहे. हा प्रत्यय स्थळाचा. घरात, गावात, डब्यात, तसे 'आमच्यात'. या वाक्यात 'मला' नाही, 'माझे' नाही. एक जागा आहे, आणि त्या जागेत एक गोष्ट चालत नाही. जशी वाळूत सायकल चालत नाही. जणू हा जमिनीचाच गुण.

'आमच्यात'

मी सातवीत होतो. एप्रिल महिन्यातली दुपार. माझ्यासोबत शाळेतला एक मित्र घरी आला. त्याला तहान लागली होती. मी माठाकडे गेलो तेव्हा आजीने मला थांबवले, गडवा घेतला, अंगणात आली आणि त्याला म्हणाली, "ओंजळ कर बाबू. आमच्यात नाही चालत." तिने वरून पाणी ओतले. तो प्याला. आजीच्या आवाजात राग नव्हता, तुच्छताही नव्हती. उलट मायाच होती. तिने त्याला आणखी पाणी घेतोस का म्हणून विचारलेसुद्धा. त्याने मान हलवली आणि तो चालू लागला. मी फाटकापर्यंतही गेलो नाही.

हे वाक्य मी पुढे अनेक वर्षे मनात उलटसुलट करून पाहिले. आजी 'मी देणार नाही' म्हणाली असती तर मी भांडलो असतो. 'तुला देणार नाही' म्हणाली असती तर मित्र भांडला असता. ती म्हणाली 'आमच्यात नाही चालत', आणि भांडायला समोर कोणी उरलेच नाही. तिचा हात पाणी अडवत होता, पण वाक्यात तो हात नव्हता. तिला स्वतःलाही तो दिसत नसावा. या वाक्याचे सामर्थ्य इथेच आहे. ऐकणाऱ्याला ते निरुत्तर करते आणि बोलणाऱ्याला निर्दोष ठेवते.

असे वाक्य फक्त मराठीत आहे असा दावा मी करणार नाही. इंग्रजी उच्चभ्रूही 'इट इजन्ट डन' म्हणत आले आहेत. तिथेही कर्ता बेपत्ता आहे. फरक इतकाच की इंग्रजी वाक्यात निदान 'करणे' हे क्रियापद शिल्लक असते, म्हणजे कोणीतरी करणारा असावा असा संशय उरतो. 'चालणे' कर्त्याशिवाय सुखाने चालते.

या व्याकरणाची सर्वांत मोठी परीक्षा महाडला झाली. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने 4 ऑगस्ट 1923 रोजी संमत केला. महाडच्या नगरपालिकेने पुढच्या वर्षी त्याला अनुसरून चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे सर्वांना चालत होते. काठावर चालत नव्हते. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि परिषदेला जमलेले हजारो लोक मिरवणुकीने तळ्यावर चालत गेले आणि पाणी प्याले. 'चालत नाही' या वाक्याला 'चालत जाऊन' दिलेले उत्तर, असे मी वर्गात सांगत असे. मुलांना हा शब्दखेळ वाटे, पण तो खेळ नाही. रूढी या अर्थाची 'चाल' पावलांनीच पडते, आणि दुसरी पावले पडली तरच ती मोडते.

पुढे हे प्रकरण न्यायालयात गेले. चवदार तळ्यावर आपलाच हक्क आहे आणि इतरांना मनाई करण्याची चाल अनादिकाळापासून आहे, असे विरोधकांचे म्हणणे होते. 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला : अशी अनादिकाळापासूनची चाल सिद्ध झालेली नाही. मला या निकालात भाषेच्या दृष्टीने एक मोठी गोष्ट दिसते. न्यायालयाने 'आमच्यात चालत नाही' या वाक्याला पुरावा मागितला. कधीपासून? कोणाकडून? कशावरून? घरात जे प्रश्न विचारले जात नाहीत तेच तिथे विचारले गेले, आणि वाक्याला उभे राहता आले नाही.

16 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेबांनी चंद्रपूरला धम्मदीक्षा दिली. त्या दिवशी आमच्या भागातल्या खेड्यांतून लोक पायी आणि बैलबंडीने गेले होते, हे मी जुन्या माणसांकडून ऐकत आलो आहे. अंगणात ओंजळीने पाणी प्यालेल्या माझ्या मित्राचे आजोबाही त्यांत होते, हे मला फार उशिरा कळले. ज्या दुपारी मी फाटकापर्यंतही गेलो नाही, त्या दुपारी ते आजोबा जिवंत होते.

'चालवून घेणे'

मराठीने या कर्ताहीन शब्दाला एक उतारा दिला आहे आणि त्याकडे आपण पुरेसे पाहिलेले नाही. तो म्हणजे 'चालवणे' हे प्रयोजक रूप. 'चालते' म्हटले की कर्ता लपतो. 'चालवतो' म्हटले की त्याला बाहेर यावेच लागते. गिरणी चालते हे खरे, पण ती कोणीतरी चालवतो. त्या मुलाचे वडील चालवत होते, आणि मुलाला त्याचा अभिमान होता. त्याच्या चुकीच्या इंग्रजी वाक्यात कर्ता ठळक होता, हे मी लाल शाईच्या नादात पाहिले नाही.

'चालवून घेणे' तर त्याहून बोलके. 'थोडे खारट झाले आहे, चालवून घ्या.' 'हे मी चालवून घेणार नाही.' या जोडणीत अन्याय आपोआप चालत नाही, कोणीतरी तो चालवून घेत असतो. सातवीतल्या त्या दुपारी आमच्या घरात एक गोष्ट चालत नव्हती एवढेच खरे नाही. मी एक गोष्ट चालवून घेतली, हेही खरे आहे. कोशात हे दोन वाक्प्रयोग फार तर वेगवेगळ्या आकड्यांखाली सापडतील. ते एकमेकांची उत्तरे आहेत हे तिथे सापडणार नाही. म्हणून माझी कोशकारांना विनंती आहे की 'चालणे'सारख्या शब्दाची नवी नोंद करताना अर्थाबरोबर प्रत्यय द्यावा, आणि ते वाक्य कोण कोणाला म्हणतो तेही द्यावे. उदाहरणे ग्रंथांतून घ्यावीत तशी माजघरातून आणि अंगणातूनही घ्यावीत.

गेल्या वर्षी गणपतीत नागपूरहून नात आली होती. आठवीत आहे. आरतीच्या वेळी ती तबक घ्यायला पुढे झाली तेव्हा तिच्या आजीने तिला हलकेच बाजूला घेतले आणि म्हणाली, "तुला चार दिवस व्हायचे आहेत ना अजून? देवाजवळ चालत नाही." नातीने विचारले, "कोणाला चालत नाही?"

आजी म्हणाली, "आपल्यात चालत नाही."

"आपल्यात म्हणजे कोणाला, आजी? तुला? आबांना?"

तिने फक्त एक प्रत्यय बदलून मागितला होता. 'त'च्या जागी 'ला'. घरात सगळे माझ्याकडे पाहू लागले. आजीही पाहू लागली. 31 वर्षे भाषा शिकवलेल्या माणसाला इतका सोपा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी म्हणालो, "मला चालते." आजी काही बोलली नाही. थोडा वेळ कोणीच बोलले नाही. मग तिने तबक नातीच्या हातात दिले, पण आरतीभर ती स्वतः दाराशीच उभी राहिली.

त्या अर्ध्या गुणाचे मला अजून वाईट वाटते. त्या मुलाला मी सांगायला हवे होते की यंत्रे इंग्रजीत धावतात, मराठीत चालतात, आणि दोन्ही भाषांत ती कोणीतरी चालवावी लागतात. नियमांचेही तसेच आहे.